गॅलरीवर पत्रा

गॅलरीवर पत्रा टाकायचा, एवढंच काम होतं. कुणी म्हणेल त्यात सांगण्यासारखं काय आहे? मीही तेच म्हणत होतो. पत्रा येईल, चार स्क्रू बसतील, फॅब्रिकेशनवाला चहा पिऊन जाईल आणि अप्पा सावलीत खुर्ची टाकून बसतील.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आत धातूचा नवा सांधा बसला आणि ते दादाकडून आमच्याकडे राहायला आले. दादा माझा मोठा भाऊ. त्याच्या घराला दोन पायऱ्या चढून जावं लागतं आणि आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, म्हणून डॉक्टरांनी आमच्या बाजूने कौल दिला. "यांना रोज मोकळ्या हवेत बसवा," असंही ते म्हणाले. मोकळी हवा आमच्याकडे भरपूर होती. शेवटचा मजला असल्यामुळे गॅलरीच्या डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतंच. सकाळी ऊन थेट टकलावर आणि पाऊस आला की थेट चहात. दोन दिवस अप्पांनी छत्री उघडून तिथे बसून पाहिलं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, समोरच्या इमारतीतले लोक बघतात. त्यांना वाटतं आपण सासऱ्यांना घरात घेत नाही."

म्हणून पत्रा.

फॅब्रिकेशनवाला आला. त्याने टेप लावली, पेन्सिल कानामागे अडकवली आणि गॅलरीचा कठडा धरून गदागदा हलवला. कठडा हलला. तो हलवला म्हणून हलला, असं माझं मत आजही आहे.

"साहेब, हा सडलाय. उद्या अप्पा टेकले तर पत्रा कुणासाठी लावायचा?"

असा प्रश्न समोर ठेवल्यावर मुलगा म्हणून मी काय बोलणार? त्याने तिथल्या तिथे कठडा कापला आणि खांद्यावर टाकून घेऊन गेला. "मापाला बरा पडतो. परवा नवा कठडा, नवा पत्रा, दोन्ही एकदम बसवतो."

बिनकठड्याची गॅलरी ही चीज काय असते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. काचेचं दार, पुढे तीन फूट लादी आणि त्यापुढे एकदम रिक्षास्टँड. बायकोने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. माझ्याकडे दिली नाही. का दिली नाही असं विचारल्यावर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

कठडा खांद्यावरून खाली गेला तो सेक्रेटरींच्या दारासमोरून. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कायम दाराची साखळी लावून फटीतून बोलतात. मागून उतरणाऱ्या मला ते फटीतून म्हणाले, "पत्रा टाकताय? परवानगी घेतलीत?"

"पत्र्याला परवानगी?"

"बाहेरून दिसणारा कुठलाही बदल म्हणजे परवानगी. नगरपालिकेच्या साइटवर अर्ज करा. आणि इंग्रजीत करा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणून सांगतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींना इंग्रजीतून उत्तरं देण्याचं काम करतो. माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकून पडला असला, तरी माझं पत्र वाचल्यावर त्याला आपलीच चूक झाल्यासारखं वाटतं. इमारतीत कुणाला शाळेला पत्र लिहायचं असो की बँकेशी भांडायचं असो, बेल माझीच वाजते. तेव्हा अर्ज मराठीत चालत असूनही मी इंग्रजीत करायला बसलो.

पहिल्याच पानावर अडलो. जागेचा प्रकार निवडायचा होता. यादीत बाल्कनीही होती आणि गॅलरीही होती.

"बाल्कनी करा," बायको पाठीमागून म्हणाली.

"तू रोज काय म्हणतेस? कपडे कुठे वाळत घातले म्हणतेस?"

"गॅलरीत. पण ते म्हणायला. लिहायला बाल्कनी."

"बाल्कनी थिएटरात असते. तिकीट काढून बसतात ती बाल्कनी. आपण कधी तिकीट काढून कपडे वाळत घातलेत का?"

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी साखर हातात घेऊन विषय पुढे नेला. त्यांच्या मते हॉलला लागून असते ती बाल्कनी आणि स्वयंपाकघराला लागून असते ती गॅलरी. आमची दोन्हीला लागून आहे. मग त्यांनी सेक्रेटरींना फोन लावला. सेक्रेटरींच्या मते भिंतीच्या बाहेर आली की बाल्कनी, आत राहिली की गॅलरी आणि मोठी असली की टेरेस. आमची अर्धी आत, अर्धी बाहेर आणि मोठी मुळीच नाही. अप्पा सोफ्यावरून म्हणाले, "लवकर काय ते ठरवा. मी इथे आत शिजतोय."

जन्मभर जिला गॅलरी म्हटलं, तिला सरकारपुढे दुसऱ्या नावाने हाक मारायची, हे मला पटलं नाही. मी गॅलरी निवडली. खाली कारण लिहायला मोठी चौकट होती. तिथे मी जरा हात सैल सोडला. आमच्या जुन्या गॅलरीला आच्छादनाची नितांत गरज आहे. तिथे एक वयोवृद्ध, आदरणीय मूर्ती कायमस्वरूपी विराजमान होणार आहे. ऊन-पावसापासून तिचं रक्षण करणं हे प्रत्येक सुसंस्कृत नागरिकाचं कर्तव्य आहे, अशा अर्थाचं काहीतरी. इंग्रजीत ते फार सुंदर दिसत होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अप्पा बसणार आहेत असं का नाही लिहिलं?"

तिला मी सांगितलं की अर्जाची एक भाषा असते.

दोन दिवसांनी मोबाइलवर निरोप आला. आमचा अर्ज कला व प्रदर्शन विभागाकडे वर्ग झाला होता. पाहणी होईपर्यंत जागेत कोणतंही बांधकाम, दुरुस्ती वा बदल करू नये.

"म्हणजे कठडासुद्धा नाही?" मी फॅब्रिकेशनवाल्याला फोनवर विचारलं.

"कठडा तयार आहे साहेब. पण सरकारी मनाई असताना मी ड्रिल लावणार नाही. माझं लायसन आहे."

"मग जुना परत आणून लाव."

"जुन्याचे तुकडे करून मी एकाच्या जिन्याला वापरले."

तर आमचा कठडा कुणाच्या तरी जिन्याला लागला आणि मी ऑफिसातून अर्धी रजा काढून नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या बाई स्वेटर घालून बसल्या होत्या, कारण त्यांच्या डोक्यावरचा पंखा एकाच वेगाने चालतो आणि बंद होत नाही. मी अत्यंत सभ्यपणे सांगितलं की माझा अर्ज चुकीच्या विभागात गेला आहे.

"गॅलरी ना? मग कला विभागच."

"बाई, ही घरातली गॅलरी आहे."

"काढतात हो लोक घरातसुद्धा. आता जागा कुठे परवडतात?"

"मी काढलेली नाही. ती बिल्डरने दिली आहे."

"म्हणजे देणगी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.

"अहो, देणगी नाही! फ्लॅटबरोबर येते ती! लोक तिथे कपडे वाळत घालतात!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, आमच्याकडे मागे एकाने नुसत्या चपला मांडल्या होत्या. कलेत काय मांडायचं ते आम्ही सांगत नाही."

"मग मी अर्ज मागे घेतो."

"पाहणी झाल्याशिवाय मागे घेता येत नाही."

"पाहणी कधी होईल?"

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मी घरी आलो.

आता मजा सोडून सांगायचं तर घरात परिस्थिती वाईट होत चालली होती. अप्पांनी आयुष्यभर रस्त्याकडे तोंड करून दिवस काढले आहेत. दादाच्या घरासमोर ते बसत तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्याशी दोन शब्द बोलून जाई. आमच्याकडे त्यांना बोलायला टीव्ही होता आणि तो त्यांचं ऐकत नाही. बंद काचेच्या दारासमोर खुर्ची टाकून ते बसत. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा चालायला सांगितलं होतं, तेही त्यांनी बंद केलं. "चालून जायचं कुठे? स्वयंपाकघरात?"

एका सकाळी मी बुटाची नाडी बांधत असताना ते फोनवर दादाशी बोलत होते. "नाही, तसं काही नाही. करतात सगळं. पण मला नेऊन सोड तिकडे. हो, पायऱ्या चढेन. सावकाश चढेन."

मी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. त्या पायऱ्यांनीच त्यांचं हाड मोडलं होतं. ऑफिसात त्या दिवशी एका अडकलेल्या लिफ्टच्या तक्रारीला मी फक्त 'क्षमस्व' एवढंच उत्तर पाठवलं. साहेबांनी बोलावून तब्येत विचारली.

त्याच आठवड्यात दारावर एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि काखेत दरवाजाएवढी सपाट पिशवी. "नवीन गॅलरी हीच ना? नगरपालिकेच्या यादीत नाव पाहिलं. मी चित्रकार."

मी त्यांना समजावू लागलो. तोवर त्या आत येऊन अप्पांच्या शेजारी बसल्याही होत्या. त्यांनी पिशवी उघडली. आत खुर्च्या होत्या. लाकडी खुर्ची, वेताची खुर्ची, घडीची खुर्ची, दवाखान्यातली खुर्ची. सगळ्या रिकाम्या.

"फक्त खुर्च्या?" मी विचारलं.

"फक्त खुर्च्या. माणसं काढायला घेतली की ती उठून जातात."

अप्पांनी चष्मा लावला. बऱ्याच दिवसांनी त्यांनी टीव्हीशिवाय कशासाठी तरी चष्मा लावला होता. एका चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही डगमगत असणार. पुढचा डावा पाय आखूड आहे."

"माझ्या वडिलांची," बाई म्हणाल्या. "खाली पुठ्ठा घालायचे ते."

"पुठ्ठा टिकत नाही. रबर घालायला हवं होतं."

मग पुठ्ठा की रबर यावर दोघांनी आमचा सगळा चहा संपवला. जाताना बाई चित्रं आमच्याकडेच ठेवून गेल्या. "पाहणी झाली की कळवा. माझं नाव पहिलं लिहा. दोन वर्षं मला कुणी भिंत देत नाहीये." त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिभेवर होतं, पण अप्पा त्यांना दारापर्यंत सोडायला उठले होते. वॉकर घेऊन, कुणी न सांगता. मी जीभ आवरली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी साखळीसकट दार उघडून मला नोटीस दिली: निवासी इमारतीत व्यावसायिक गॅलरी चालवण्यास सोसायटीची हरकत आहे. मी म्हटलं, "तुम्हीच तर अर्ज करायला सांगितलंत!"

"पत्र्याचा सांगितला होता. कलेचा नाही."

शेवटी पाहणीचे साहेब आले. सडपातळ, थकलेले आणि घामेजलेले, कारण लिफ्ट बंद होती आणि ते जिने चढून आले होते. मी कुठे काम करतो हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी फाइल उघडली.

"प्रेक्षकांसाठी येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा आहे?"

"साहेब, येण्याचा मार्ग हा. जाण्याचा वेगळा मार्ग," मी काचेपलीकडे बोट दाखवलं, "सध्या आहे, पण तो एकदाच वापरता येतो."

साहेबांनी कुलूपबंद दारातून खालचा रिक्षास्टँड पाहिला आणि एक पाऊल मागे आले. "आणि ती मूर्ती कुठे आहे? अर्जात लिहिलंय. वयोवृद्ध, आदरणीय, कायमस्वरूपी. कशाची आहे? दगडाची की धातूची?"

बायको स्वयंपाकघरात गेली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसते आहे.

"हाडामांसाची," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "थोडा धातू आहे. खुब्यात."

साहेबांनी अप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझा अर्ज पुन्हा एकदा सावकाश वाचला. माझ्या इंग्रजीचा असा अपमान आजवर झाला नव्हता. त्यांनी नुसती फाइल मिटली.

"म्हणजे तुम्हाला बाल्कनीवर पत्रा टाकायचाय."

"गॅलरीवर," मी म्हणालो. माणसाने कुठे थांबावं ते मला कळत नाही.

"अहो, माझ्या घरीही गॅलरीच म्हणतात. माझी बायको गॅलरीतच कुंड्या ठेवते. पण कागदावर गॅलरी म्हणजे चित्रांची. आता तुमची नोंद झाली. नोंद झालेली गॅलरी अस्तित्वातच नाही, असं मला म्हणता येत नाही. तुम्ही स्वतःच आहे म्हणताय."

"मग बंद करता येईल?"

"चालू झाली तर बंद करता येईल. निदान एक प्रदर्शन भरवा, मग बंद केल्याचा अर्ज द्या. मी स्वतः सही करतो."

"बिनकठड्याच्या गॅलरीत प्रदर्शन भरवू?"

"छे छे!" साहेब दचकले. "प्रदर्शन असेल तर कठडा सक्तीचा आहे. आजच बसवून घ्या. आणि वर छप्पर पाहिजे. ऊन-पावसाने चित्रं खराब झाली तर जबाबदार कोण?"

मला क्षणभर नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "छप्पर चालेल? परवानगी?"

"चित्रांसाठी परवानगी लागत नाही. छप्पर ही अटच आहे."

माणूस बसणार असेल तर मनाई आणि माणसाने काढलेली रिकामी खुर्ची टांगली तर सक्ती! मी काहीतरी बोलणार होतो, पण बायकोने स्वयंपाकघरातून येऊन माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. दोन्ही हात गुंतले की मी फारसं बोलत नाही, हे तिला ठाऊक आहे. फॅब्रिकेशनवाल्याला तिनेच फोन केला. संध्याकाळपर्यंत कठडा बसला, पत्रा बसला आणि तिने पर्समधून किल्ली काढली.

प्रदर्शन रविवारी भरलं. चित्रकार बाईंनी कपड्यांच्या दोऱ्यांवरच चिमट्यांनी खुर्च्या टांगल्या. मला वाटलं होतं बाईंच्या ओळखीचे चार लोक येतील. पण बाईंना ओळखी फार होत्या, फक्त भिंत नव्हती. शिवाय आमची अख्खी इमारत आली, कारण आमचं घर आतून पाहायला मिळणार होतं. गॅलरीत एका वेळी तीन माणसं मावतात, तीही एकमेकांशी चांगले संबंध असतील तर. रांग हॉलमधून निघून जिन्यावर गेली. हरकत घेणारे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून रांग लावत होते. मध्येच त्यांनी हळूच विचारलं, "स्वयंपाकघराच्या खिडकीत थोडी जागा आहे का? मी सूर्यास्ताचे फोटो काढतो." इतकी वर्षं ते साखळीमागे काय करत असतात, ते मला तेव्हा कळलं.

अप्पांना मधोमध बसवलं होतं. देखरेखीला एक माणूस हवाच, ही साहेबांची आणखी एक अट. रिकाम्या खुर्च्यांमध्ये तेवढी एकच भरलेली खुर्ची. एक दाढीवाले गृहस्थ त्यांच्यासमोर मान वाकडी करून किती तरी वेळ उभे राहिले आणि कुणाला तरी म्हणाले, "हे सगळ्यात बोलकं आहे."

"बोलतो की," अप्पा म्हणाले. "पुढे सरका. मागचे खोळंबलेत."

मी स्वागताचं भाषण इंग्रजीत लिहून काढलं होतं आणि ते खिशात ठेवून दारात उभा होतो. येणारा प्रत्येक जण माझ्या हातात ओली छत्री देऊन आत जात होता. कारण पाऊस सुरू झाला होता. एवढ्यात लिफ्ट पुन्हा बंद पडली आणि समोरच्या काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे लिफ्टच्या कंपनीत आहेत बरं का!" त्यानंतर माझ्याशी पुष्कळ लोक बोलले. भाषण राहूनच गेलं.

पण मध्येच केव्हातरी मी आत डोकावलो. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. अप्पा कुणा अनोळखी माणसाला सांगत होते की खुर्ची घ्यायची तर हात असलेली घ्यावी, उठताना लागतात. अनोळखी माणूस लक्ष देऊन ऐकत होता. मी छत्र्या सांभाळत परत दारात गेलो.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी सही केली. गॅलरी सरकारदरबारी बंद झाली. पत्र्याचं काय, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "बंद झालेल्या गॅलरीचं छप्पर काढा असा नियम नाही. आणि कृपा करून नवा अर्ज करू नका. केलात तर मराठीत करा." चित्रकार बाईंना त्या दाढीवाल्या गृहस्थांनी खरीखुरी भिंत दिली, आणि त्या खुर्च्या घेऊन गेल्या. दोरीवर पुन्हा कपडे आले. अप्पा रोज सकाळी वॉकर टेकत दाराबाहेर जाऊन बसतात. खालच्या रिक्षावाल्यांशी त्यांची शेवटच्या मजल्यावरून बोलणी चालतात. दोन्ही बाजूंनी आवाज चांगले आहेत.

दादाकडे जायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. परवा दादाचाच त्यांना फोन आला होता. नंतर लगेच मला ऑफिसात आला. मी एक तक्रार संपवत होतो.

"तू अप्पांना घराबाहेर काढलंस?" दादा ओरडला.

"काय? कोण म्हणालं?"

"ते स्वतः म्हणाले! मी विचारलं, काय करताय, तर म्हणाले, बाहेर बसलोय. सून कुठे आहे, तर म्हणाले, ती आत आहे. आत कधी जाणार, तर म्हणाले, बोलावतील तेव्हा! अरे, पाऊस पडतोय तिकडे! मला ऐकू येत होता!"

"दादा, तू शांत हो. ते पत्र्याखाली बसलेत."

"पत्र्याखाली! वडिलांना पत्र्याखाली ठेवलंस?"

"ठेवलं नाही रे! बाहेर म्हणजे..." मी थांबलो. दोन्ही शब्द जिभेवर आले आणि दोन्ही मी गिळले. शेजारच्या टेबलावरचे लोक माना वर करून बघत होते. "बाहेर म्हणजे घरातच. पण दाराच्या पलीकडे. म्हणजे हॉल संपला, की काचेचं दार आहे ना, त्यातून पुढे गेलं, की जी मोकळी, पण आता वरून झाकलेली, आणि पुढून कठडा असलेली, अशी जी एक अरुंद जागा..."



"अरे, मग सरळ गॅलरीत म्हण ना," दादा म्हणाला. "एवढा शिकलेला माणूस तू!"